एसएसडीची केसिंग आणि खानदेशचं ऊन



आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे ऊन आणि लग्नं दोन्ही एकदम अंगावर येतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्याचं शूटिंग होतं. दोन कॅमेरे खाली आणि ड्रोन वर. फोर-के दर्जाचं चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने साठवलं, तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की ३६० जीबी झाले. ड्रोनचा हिशेब वेगळाच. अशी पाच लग्नं उरकली की दोन टीबीचा ड्राइव्ह भरल्यात जमा.

मग सुरू होते जागेची शोधाशोध. स्टुडिओवाल्याकडे जुन्या लॅपटॉपमधून काढलेली एखादी एसएसडी पडून असते. कॉलेजातल्या मुलाने लॅपटॉपमध्ये मोठी एसएसडी बसवून घेतलेली असते आणि छोटी कंपासपेटीत घातलेली असते. दुकानदार बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह काढून हातावर ठेवतो आणि सांगतो, ‘डेटा यात आहे, सांभाळा.’ या सुट्या ड्राइव्हला यूएसबीने जोडायची सोय म्हणजे एन्क्लोजर. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर विचारायचं झालं, तर केसिंग. साध्या ड्राइव्हची केसिंग काही शे रुपयांत येते, एनव्हीएमई जातीच्या ड्राइव्हची हजार-दोन हजारांच्या घरात. किंमत किरकोळ म्हणून लोक ती न पाहताच उचलतात आणि घरी गेल्यावर कळतं, ड्राइव्ह त्यात बसतच नाही.

म्हणून दुकानात जाताना ड्राइव्ह बरोबर न्यावा. अडीच इंची, पत्त्यांच्या जोडासारखा चपटा चौकोनी असेल तर तो साटा. त्याला साधी अडीच इंची केसिंग चालते. च्युइंगगमच्या पट्टीएवढी उघडी सर्किटपट्टी असेल तर ती एम-डॉट-टू, आणि खरी गफलत इथेच होते. या आकारात साटाही येतो आणि एनव्हीएमईही. सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्री मात्र लेबलावरचा मॉडेल नंबर पाहूनच करावी. फक्त एनव्हीएमईसाठी केलेल्या केसिंगमध्ये साटाचा ड्राइव्ह ओळखला जात नाही. दोन्ही चालवणाऱ्या केसिंगही मिळतात. रिअलटेकची आरटीएल ९२१०बी ही चिप असलेल्या केसिंग त्यांपैकी. लांबीही पाहावी. लेबलावर २२८० लिहिलेलं असेल तर पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. छोट्या लॅपटॉपमधली पट्टी २२३० किंवा २२४२ असू शकते. केसिंगमध्ये त्या लांबीवर स्क्रू किंवा रबरी खुंटी लावायची जागा हवी.

यानंतर वेग. यूएसबी १९९६ साली आली. तिच्या जनकांत इंटेलचे अजय भट्ट यांचं नाव घेतलं जातं; त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. सगळ्या जोडण्यांसाठी एकच पोर्ट असावं, हा त्यामागचा हेतू. पोर्टं कमी झाली खरी, पण नावांचा घोळ वाढला. यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच वेगाची नावं आहेत: ५ गिगाबिट. तेव्हा खोक्यावरच्या नावापेक्षा गिगाबिटचा आकडा वाचलेला बरा. ५ लिहिलं असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास मिळतात, १० लिहिलं असेल तर ९०० ते १०००.

मघाचेच ३६० जीबी लॅपटॉपमधून बाहेरच्या ड्राइव्हवर न्यायचे आहेत, असं धरू. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून सेकंदाला ३५ एमबी मिळाले तर जवळजवळ तीन तास लागतील. ५ गिगाबिटवर पाव तास. १० गिगाबिटवर सात मिनिटांच्या आत, पण ड्राइव्हने तो वेग शेवटपर्यंत टिकवला तर. स्वस्त एसएसडी सुरुवातीला जोरात धावते आणि तिचा राखीव वेगवान भाग भरला की मंदावते. त्यात दोष केसिंगचा नसतो. दोष केबलचा मात्र पुष्कळदा असतो. मोबाइल चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल दिसायला तशीच, पण तिच्यातून बहुतेक वेळा यूएसबी २.० चाच वेग मिळतो. केसिंगबरोबरची आखूड केबल त्या केसिंगलाच राहू द्यावी, आणि डेस्कटॉपच्या पुढच्या तोंडापेक्षा मागचं पोर्ट वापरावं.

२० आणि ४० गिगाबिटच्या केसिंगही बाजारात आहेत. २० गिगाबिटची सोय बहुसंख्य लॅपटॉपमध्ये नसते, त्यामुळे ती महागडी केसिंग १० वरच चालते. ४० गिगाबिटसाठी यूएसबी ४ किंवा थंडरबोल्ट असलेलं नवं मशीन लागतं. साध्या साटा ड्राइव्हचा स्वतःचाच वेग ५५० एमबीच्या आसपास थांबतो. त्याला ५ गिगाबिटची केसिंग पुरते. एनव्हीएमईला १० गिगाबिटची घ्यावी. जळगाव-धुळ्यातल्या बहुतेक घरांचं आणि स्टुडिओंचं काम एवढ्यात भागतं.

पण पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला जो प्रश्न फारसा पडत नाही, तो इथे पडतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. एनव्हीएमई ड्राइव्ह सलग काम करू लागला की तापतो, आणि साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, मॉडेलनुसार, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. समजा, कॉपी चालू असताना तो खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापतो. एसी असलेल्या २५ अंशांच्या खोलीत तो ५५ वर राहील. पत्र्याच्या छताखाली, ४२ अंशांत, तोच ७२ वर जाईल. वस्तू तीच, केबल तीच, पण दुपारी दोनला कॉपी रखडते आणि पहाटे झपाट्याने होते.

म्हणून इथे केसिंग ॲल्युमिनियमचीच घ्यावी. काम चालू असताना ती हाताला गरम लागते आणि लोक घाबरतात. खरं तर ते चांगलं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर येतेय. प्लॅस्टिकची केसिंग हाताला गार लागते, कारण उष्णता आतच कोंडलेली असते. ड्राइव्ह आणि धातूचं झाकण यांच्यामध्ये मऊ थर्मल पॅड बसवायचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढावी लागते; एक बाजू तशीच राहिली की पॅड असून नसल्यासारखा. ड्राइव्हचं लेबल मात्र काढू नये, वॉरंटी त्याच्यावर असते. काही केसिंगवर रंगीत रबरी कव्हर येतं. पडण्यापासून ते वाचवतं, पण मोठी कॉपी करताना काढून ठेवावं. ड्राइव्ह गादीवर, उशीवर, लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नये. कूलरच्या ओलसर झोतातही नको. फरशीवर, सावलीत ठेवला तर उत्तम.

बसवणं सोपं आहे. एम-डॉट-टूची पट्टी थोडी तिरकी धरून खाचेत सरकवायची, हळूच खाली दाबायची आणि टोकाशी स्क्रू किंवा खुंटी लावायची. जोर लावावा लागत असेल तर खाच जुळलेली नाही, असं समजावं.

कॉम्प्युटरला जोडल्यावर दोन वेगळे प्रसंग येतात. ड्राइव्ह कोरा असेल तर विंडोजमध्ये तो लगेच दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तो इनिशियलाइझ करावा लागतो. मग फॉरमॅट करायचा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायचा असेल तर एक्सफॅट निवडावं. जुन्या फॅट ३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा एकेक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. ड्राइव्ह जुना, डेटा असलेला असेल, तर ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न पडद्यावर येताच घाईने हो म्हणू नये. ड्राइव्ह मॅकचा किंवा लिनक्सचा असेल, तरी विंडोज हेच विचारतं. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप लागलेलं असतं. तसा ड्राइव्ह केसिंगमध्ये घातला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा लॅपटॉपमालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच ती लिहून घ्यावी. काम संपल्यावर ‘इजेक्ट’ करूनच केबल काढावी. चालू कॉपीत वीज जाणं आपल्याकडे नवं नाही. डेस्कटॉपवर काम असेल तर यूपीएस हवाच.

एका फसवणुकीबद्दलही सांगायला हवं. ऑनलाइन बाजारात १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी हजार-दोन हजारांत दिसते. खोलून पाहिलं तर आत छोटं मेमरी कार्ड डकवलेलं सापडतं आणि त्याच्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. फाइली गेल्यासारख्या वाटतात, पण कार्डाची खरी जागा भरली की पुढचं सगळं वाया. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्हवर लिहून, वाचून खरी जागा दाखवतो. नामांकित कंपनीचा ड्राइव्ह आणि वेगळी केसिंग घेतली की आत काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

शेवटचा प्रश्न, ड्राइव्हवर ठेवलेलं टिकतं किती? धुळ्याला या प्रश्नाची चांगली ओळख आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच निधन झालं आणि १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं तिथे आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली रामदासी बाडं आहेत. शेकडो वर्षांचा तो कागद आजही वाचता येतो. जळगावच्या जैन हिल्सवर २५ मार्च २०१२ रोजी गांधीतीर्थाचं उद्घाटन झालं. तिथे गांधीजींशी संबंधित कागदपत्रं मुळातही जपतात आणि डिजिटल रूपातही.

एसएसडीतली माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडवलेला विद्युतभार. वीज नसताना तो, माठातलं पाणी झिरपावं तसा, हळूहळू झिरपत राहतो आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने. जेडेक ही संस्था या ड्राइव्हची मानकं ठरवते. घरगुती ड्राइव्हने, त्याची लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही, वीज न देता ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी, असं तिचं मानक आहे. सर्व्हरच्या ड्राइव्हसाठी ४० अंशांत तीन महिने. नवा, कमी वापरलेला ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो. पण हे आकडे ३० आणि ४० अंशांचे आहेत, आणि गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट मे महिन्यात त्याहून जास्त तापतं.

तेव्हा श्रोत्यांना विनंती एवढीच. केसिंगमधली एसएसडी ने-आण आणि रोजच्या कामासाठी वापरा. लग्नाची, बारशाची, आजी-आजोबांच्या आवाजाची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. कपाटातला ड्राइव्ह दर चार-सहा महिन्यांनी काढून जोडा आणि चार फाइली उघडून पाहा.