एका दिवसाचे काप्री

नेपल्सच्या आखातातील काप्री बेट अवघे दहा चौरस किलोमीटरांचे. म्हणून ते एका दिवसात सहज पाहून होईल, असे प्रवाशाला वाटते. परंतु येथे समुद्राची मर्जी सांभाळावी लागते. वारा वाढला की बोटी रद्द होतात. तेव्हा परतीसाठी शेवटच्या बोटीवर विसंबू नये, तिच्या आधीची धरावी.

प्रसिद्ध निळ्या गुहेचे तोंड पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच आहे. लहान होडीत आडवे पडूनच आत शिरता येते, आणि लाटा उसळल्या की गुहा बंद! सारा दिवस तिच्या भरवशावर टाकू नये.

मारिना ग्रांदे बंदरातून १९०७ साली सुरू झालेल्या डोंगरी रेल्वेने वर काप्री गावात यावे आणि पूर्वेच्या कड्यावरील व्हिला योव्हिसपर्यंत पायी चढावे. सम्राट तिबेरियसने आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे मुख्यतः या बेटावर काढली. त्याच्या प्रासादात पावसाचे पाणी साठविणारी विशाल टाकी आहेत. गोड्या पाण्यासाठी सम्राटालाही आभाळाकडेच पाहावे लागे, हे ती टाकी पाहून कळते. एवढे पाहिले, तर गुहा हुकली तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे.