आपलं सर्किट, आपला बोर्ड

रेडिओ उघडून पाहिलात तर आत एक पाटी दिसते. तिच्यावर वायरींऐवजी तांब्याच्या पट्ट्या असतात. व्हिएन्नाच्या पॉल आयस्लर या इंजिनिअरनं लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास अशा छापील सर्किटचा रेडिओ तयार केला. आज मेहकर-मलकापूरकडची कॉलेजातली पोरंपोरीही असा बोर्ड स्वतः आखून कारखान्यातून करून घेऊ शकतात. त्यांनी तो करून घ्यावाच, असं मला मनापासून वाटतं.

शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खामगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे. सोल्डरिंग जमणारे हात या भागात भरपूर आहेत. तरी कितीतरी प्रोजेक्ट झिरो पीसीबीवरच, म्हणजे नुसती भोकं असलेल्या पाटीवर हातानं वायरी जोडण्यातच, अडकतात. टाकी भरली की बझर वाजवणारं सर्किट घ्या. टेबलावर झकास चालतं, पण गच्चीवरच्या उन्हात, वायरींच्या ओढाताणीत त्याचा एखादा जोड सुटतोच.

बोर्ड आखायला किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी सर्किटची आकृती काढायची, मग प्रत्येक पार्टला फुटप्रिंट द्यायचा, म्हणजे त्याच्या पायांच्या भोकांचा नेमका आराखडा. घोळ होतो तो इथेच. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अगदी तसाच दिसणारा पीएन २२२२ मात्र एमिटर, बेस, कलेक्टर असा येतो. म्हणून हातात असलेल्या पार्टची डेटाशीट उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सिग्नलचा ट्रॅक पाव मिलिमीटर रुंद पुरतो, बॅटरीकडून येणारा एक मिलिमीटर ठेवा. पहिल्या बोर्डावर २३० व्होल्ट आणूच नका. आखणी झाली की सॉफ्टवेअरमधली डीआरसी, म्हणजे आखणीच्या नियमांची तपासणी, चालवा. पण पार्ट प्रत्यक्षात बसतो का, ते ती सांगत नाही. त्यासाठी आराखडा कागदावर मूळ मापात छापा, थर्माकोलवर चिकटवा आणि खरे पार्ट त्यात टोचून बघा. वायर कसायचा टर्मिनल शेजारच्या कपॅसिटरला अडतो, स्क्रूचं भोक डबीशी जुळत नाही, हे सगळं तिथेच कळतं. दहा रुपयांच्या कागदात पंधरवड्याचा मनस्ताप वाचतो.

मग गर्बर आणि ड्रिल फायली, म्हणजे थरांचे आणि भोकांचे नकाशे, काढून कारखान्याच्या वेबसाइटवर चढवायच्या. दोन थर, १.६ मिलिमीटर जाडी, ३५ मायक्रॉन तांबं, एवढं निवडलं की छंदाचं काम भागतं. बरेच कारखाने कमीत कमी पाच नग देतात. चीनमधून मागवताना बोर्डाची किंमत कमी दिसते, पण टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, देशातल्या कारखान्याचा भाव त्याच्या शेजारी मांडा, मगच पैसे भरा.

ऑर्डर देण्याआधी बोर्डाच्या कोपऱ्यात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक छापायला टाका. दुसरी आवृत्ती बहुधा करावी लागतेच.