हिमस्खलन : शुभ्र शांततेतील संकट

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बेळगावात उभे राहून बर्फाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्याला परिचय आहे तो मुसळधार पावसाचा. परंतु मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या नगरीला हिमालय परका नाही. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद यांचे नावही आपण विसरलेलो नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकीवर हिमाचा कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. ८ फेब्रुवारीस हणमंतप्पा जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. तत्पूर्वी, ७ एप्रिल २०१२ रोजी, त्याच परिसरात गयारी येथे पाकिस्तानी छावणीवर हिमस्खलन होऊन १४० जण मृत्युमुखी पडले होते. हिमाला सीमारेषा ठाऊक नसते.

हे संकट समजून घ्यायचे तर प्रथम डोंगरावर साचलेल्या बर्फाकडे पाहावे लागते. दुरून तो एकसंध, मऊ दुलईसारखा दिसतो. प्रत्यक्षात ते थरांचे पुस्तक असते. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वादळ, प्रत्येक स्वच्छ थंड रात्र त्यात आपले पान घालते. हिवाळ्याच्या प्रारंभी पडलेला पातळ थर खालून जमिनीची ऊब घेतो आणि वरून कडाक्याच्या थंडीत गारठतो. तापमानाचा हा फरक फार झाला की खालची वाफ वर सरकते आणि तेथील हिमकण साखरेच्या दाण्यांसारखे मोठे, परस्परांना न चिकटणारे बनतात. पुढे पश्चिमी विक्षोभ येऊन त्यावर चार-पाच फूट जड बर्फ टाकतात. भक्कम छप्पर खिळखिळ्या खांबांवर उभे राहावे, तशी ही रचना असते. एखाद्या माणसाच्या पावलाचा भारही मग पुरतो. तळचा कमकुवत थर खचतो, भेग क्षणार्धात पसरते आणि अख्खी लादी खाली सुटते.

उतारही महत्त्वाचा. साधारणतः ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोकादायक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, तो वरचेवर झडतो. सौम्य उतारावर तो सहसा घसरत नाही. मात्र सपाट दरीत उभ्या असलेल्यालाही वरच्या उताराचे भय असतेच. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूस रचतो. म्हणून आकाश निरभ्र झाले तरी धोका टळला असे समजू नये. नुकत्याच झालेल्या स्खलनाच्या खुणा, पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पुढे धावत जाणाऱ्या भेगा, अकस्मात वाढलेली उष्णता, ही डोंगराची स्पष्ट भाषा आहे. ती ऐकून मागे फिरण्यात कमीपणा नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाला प्रामुख्याने थंडी मारीत नाही. श्वास कोंडून तो जातो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर ती आशा झपाट्याने मावळते. हणमंतप्पांचे इतके दिवस तग धरणे हा अपवादच. म्हणजे मदत दूरच्या तळावरून यावयाची नसते. ती शेजारच्या सोबत्याकडूनच मिळावी लागते. प्रत्येकापाशी संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ती वापरण्याचा सराव हवा. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा, इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी, हा नियम याच हिशेबातून आला आहे.

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास होतो, हे समाधानाचे आहे. १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० साली ती संरक्षण खात्याच्या नव्या भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. तेथून हिमस्खलनाचे पूर्वानुमान दिले जाते. परंतु पूर्वानुमान विस्तृत प्रदेशाचे असते. समोरच्या एका उताराचा निर्णय तेथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो.

आज आपल्या गावागावांतून तरुण-तरुणी हिवाळी पदभ्रमणासाठी हिमालयात जातात. त्यांनी अवश्य जावे. सह्याद्रीत कमावलेले पायांचे बळ तेथे उपयोगी पडेल. परंतु सह्याद्रीचा कातळ सांगतो त्यापेक्षा बर्फाचे बोलणे निराळे असते, आणि ते शिकावे लागते. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते; घरी वाट पाहणारी माणसे परतणाऱ्याचीच असतात. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे वाचनाची गोडी लावली, त्याने डोंगर वाचण्याचीही गोडी लावावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.