पूर ओसरतो, गाळ उरतो



पुराची बातमी पाण्याच्या उंचीवर मोजली जाते. पाणी किती फूट चढले, किती घरांत शिरले, केव्हा ओसरले, एवढे सांगून झाले की राजधानीचा त्या गावातील रस संपतो. गावाची खरी परवड मात्र त्यानंतर सुरू होते. कारण पाणी जाते आणि गाळ राहतो. डोंगरावरून काही तासांत कोसळणारा लोंढा वस्तीतील घरांचे काय करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

चिपळूणचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने या शहराची बाजारपेठ बुडवली. अनेक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला भिडले. त्याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. २००५ च्या जुलैतही हे शहर बुडाले होते. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेवर दोन्ही वेळा पाणी फिरले. सोळा वर्षांत एकाच पिढीला दोनदा संसार नव्याने मांडावा लागला.

वाहत्या पाण्याची वाहकशक्ती त्याच्या वेगाबरोबर विलक्षण वाढते. वेग दुप्पट झाला तर प्रवाह हलवू शकतो त्या दगडाचे वजन ६४ पट होते, असा जलशास्त्राचा जुना नियम आहे. म्हणूनच एरवी वाळूही न हलवणारा ओढा एका रात्रीत धोंडे लोटत नेतो. कोकणातील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. घाटाच्या पायथ्याशी उतार संपतो, वेग मंदावतो. भरतीच्या वेळी खाडी पाणी अडवून धरते, आणि नदी आपले ओझे तेथेच टाकते. नेमक्या त्याच सपाटीवर बाजारपेठ वसलेली असते.

घराला हा लोंढा तीन प्रकारे मारतो. पहिला मार दाबाचा. बाहेर दोन मीटर पाणी साचले आणि आत कोरडे राहिले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा येतो; गढूळ पाणी स्वच्छ पाण्याहून जड, आणि त्यात ओंडके असतील तर ते भिंतीवर घणासारखे आदळतात. दुसरा मार पायाचा. कोपऱ्याशी भोवरे होऊन माती खरवडली जाते आणि पाया उघडा पडतो. तिसरा मार संथ असतो. बारीक चिखल सांध्यांत, जोत्यात, विजेच्या पेट्यांत शिरतो; सच्छिद्र जांभा आणि मातीचे दर्जे पाणी धरून ठेवतात. पुढे पाया खचतो, भिंती सुकू लागतात आणि भेगा दिसू लागतात. तोपर्यंत पंचनामा करणारे कर्मचारी परतलेले असतात.

येथे वर्गाचा प्रश्न उभा राहतो. पक्क्या पायाची, उंच जोत्याची इमारत धुऊन पुन्हा उभी राहते. मातीच्या भिंतींत राहणारा कष्टकरी आणि तळमजल्यावरचा भाडेकरू दुकानदार हे मात्र कर्जात रुततात. गाळ उपसायला शहरोशहरीचे सफाई कामगार येतात. चिखलात उभ्या असलेल्या त्या माणसांच्या आरोग्याची तरतूद सर्वांत शेवटी आठवते.

हा निसर्गाचा कोप आहे, असे सांगितले जाते. पाऊस निसर्गाचा, हे खरेच. पण सुटी माती सारीच निसर्गाची नसते. उघडेबोडके उतार, खाणी, रस्त्यांसाठी कापलेले डोंगर यांच्यामागे मानवी निर्णय आहेत. महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाट कापला गेला आणि तेथे दरडींचे संकट कायमचे झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्येच पश्चिम घाटातील अशा हस्तक्षेपांना आवर घालावा आणि निर्णयप्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू व्हावी, असे सुचवले होते. तो अहवाल शासनाने स्वीकारला नाही.

महापुरानंतर, २०२१ च्या डिसेंबरात, चिपळूणच्या नागरिकांनी वाशिष्ठीतील गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले. आपल्या नदीसाठी नागरिकांना उपाशी बसावे लागावे, ही लोकशाही नियोजनाला शोभा देणारी गोष्ट नव्हे. त्यांची मागणी रास्तच होती. परंतु पात्र कितीही उपसले तरी वरून माती येतच राहिली, तर तो दरवर्षीचा ठेका ठरेल.

म्हणून मागणी अधिक खोल गेली पाहिजे. नदीत किती गाळ आला, कोठून आला, काढलेला कोठे टाकला, याचा जाहीर हिशेब नगरपरिषदेने आणि ग्रामसभांनी मागावा. डोंगर कापणाऱ्याने निघालेली माती पावसापूर्वी बंदिस्त केलीच पाहिजे, आणि ती वाहून गेल्यास भरपाई त्याच्याकडून वसूल व्हावी. पंचनामा दोनदा व्हावा, दुसरा भिंती सुकल्यावर. पूररेषेतून वस्ती हलवायची तर आधी गरिबांना पर्यायी जागा मिळावी. नकाशावरची निळी-लाल रेघ हा त्यांच्यासाठी केवळ बेदखलीचा हुकूम ठरू नये.

चिखल उपसण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना डोंगराविषयीच्या निर्णयातही वाटा हवा. त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.