खडखड मशीनची की टेबलाची?
(रेडिओवरील भाषण)

दिवाळी जवळ आली, की गल्लीतल्या घराघरांतून शिलाई मशीनचा आवाज यायला लागतो. ब्लाउज, फॉल-पिको, मुलांचे कुर्ते, पडदे. दिवसा त्याचं कुणाला काही वाटत नाही. रात्र झाली, की मात्र दुसऱ्या मजल्यावरची मशीन पहिल्या मजल्यावर जास्त ऐकू येते आणि सकाळी जिन्यात गाठ पडली की विषय निघतो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम सन 2000 पासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा त्यात घातलेली आहे. पण शेजारी नियमावली घेऊन येत नाहीत. ते फक्त म्हणतात, "ताई, रात्री फार खडखड होते हो."

शिवणक्लासमध्ये मला नेहमी विचारतात, मशीनखाली कुठली मॅट घालू? माझं उत्तर ठरलेलं आहे: मॅट सगळ्यात शेवटी. घरात घुमणाऱ्या आवाजातला मोठा वाटा बहुतेक वेळा टेबलाचा आणि फरशीचा असतो, आणि मशीनमधून जो येतो त्यातला बराचसा चिमूटभर कचऱ्याचा किंवा एखाद्या ढिल्या स्क्रूचा. तेव्हा आवाज येतोय कुठून, हे आधी शोधायचं.

साधी काळी मशीन असेल तर ही परीक्षा सोपी आहे. हँडव्हीलच्या मधोमध एक गोल नॉब असतो. बॉबिन भरताना आपण तो ढिला करतो; मग चाक फिरतं, सुई जागची हलत नाही. तो तसाच ढिला करा आणि पायडल मारा, किंवा मोटर चालवा. खडखड तशीच राहिली, तर दोष वरच्या मशीनमध्ये नाहीच. तो पायडलमध्ये, पट्ट्यात नाही तर मोटरमध्ये आहे. आवाज थांबला, तर मग मशीन उघडायची.

खालचा भाग आधी घेऊ, तो लवकर संपतो. पायडल ज्या दोन टोकांवर झुलतं तिथले स्क्रू आणि पायडलपासून मोठ्या चाकाला जोडणारी उभी दांडी, एवढं बघायचं. दांडीच्या टोकाला खुळखुळ असेल तर तिथला स्क्रू थोडा आवळा. इतका नको की पायडल जड होईल. तेलाचा एकेक थेंब द्या. चामड्याच्या पट्ट्याचा जोड तारेच्या हुकाचा असतो. त्या हुकाचं टोक वर आलं असेल, तर ते दर फेऱ्याला चाकावर टक् करून आपटतं. पक्कडीने ते दाबून सपाट करा. मोटर असेल तर पट्टा फार ताणू नका. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर आत जायला हवा. पट्टा ताणलेला असला, की मोटर रडक्या आवाजात चालते आणि तिचं बेअरिंगही लवकर जातं.

आता वरची मशीन. सुरुवात सुईपासून. बोथट सुई कापडातून शिरत नाही, ती कापड फोडते. जीन्सवर किंवा पडद्याच्या जाड कापडावर ठक् ठक् ठक् असा आवाज आला, की मशीनला दोष देण्याआधी सुई बदलून बघा. सात-आठ तास शिवण झालं की सुई बदलावी, असं सांगतात. आपल्याकडे ती मोडेपर्यंत वापरायची पद्धत आहे. सुईला पैसे पडतात किती? पातळ व्हॉइलला 9 किंवा 11 नंबर, साध्या सुती कापडाला 14, जाडजूड कापडाला 16 किंवा 18. एवढं पाळलं तरी निम्म्या बायकांची तक्रार मिटेल, असं मला वाटतं.

सुईनंतर तिच्याखालची प्लेट. तिचे दोन स्क्रू काढले, की दात्यांच्या मधल्या खाचांत धाग्याचे तंतू तेलात भिजून दाबून बसलेले दिसतील. ते इतके घट्ट असतात की ब्रशने निघत नाहीत, सुईच्या टोकाने उकरून काढावे लागतात. एकदा काढून हातात घेऊन बघा. करड्या रंगाची, चांगली टणक पट्टीच निघते. दाते खाली जाताना दर टाक्याला त्यावर आदळत असतात. मग बॉबिन केस काढा, शटल काढा. शटलच्या घरात दोऱ्याचा एखादा तुकडा गुंडाळलेला सापडला नाही, तर तुम्ही खरोखर टापटिपीच्या.

शटलवरून थोडं विषयांतर करते, कारण जुन्या मशीन नव्यांपेक्षा जास्त का वाजतात ते इथेच कळतं. आपल्या काळ्या मशीनचं शटल पूर्ण फिरत नाही. अर्धा फेरा पुढे जातं, थांबतं आणि उलटं मागे येतं. दर टाक्याला एकदा जायचं, एकदा यायचं. दिशा बदलली की धक्का बसणारच. शटलच्या जागी सारखा एकाच दिशेने फिरणारा हुक अमेरिकेत ॲलन विल्सन यांनी शोधला आणि 1851 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिंगरचं पहिलं पेटंटही त्याच वर्षीचं. फिरत्या हुकाला थांबायचं नसतं, उलटायचं नसतं, म्हणून तो शांत चालतो. काळी मशीन त्याच्याइतकी शांत कधीच होणार नाही. तेवढी टकटक तिची आहे, ती मान्य करायची. त्यापलीकडचा आवाज तेवढा आपण काढायचा.

आणि तेल. मशीनला खोबरेल तेल घालू नका. हे मी कितीदा सांगितलं असेल! खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. नाशिकला थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते ना? मशीनच्या सांध्यांतही ते तसंच थिजतं. गोडं तेल थिजत नाही, पण काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. मशीनचं तेल पातळ आणि पांढरं असतं, ते याचसाठी. आधीच चिकटा बसला असेल तर मेकॅनिक रॉकेलने धुऊन काढतो आणि मग तेल देतो. तेल दिल्यावर दोन-चार मिनिटं चिंधीवर शिवा, नाही तर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर पडेल. हल्लीच्या काही कॉम्प्युटराइज्ड मशीनला घरी तेल द्यायचंच नसतं. तसं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचा.

एवढं झालं, की मशीनचा स्वतःचा आवाज राहतो. तो मोठा कशाने होतो? टेबलाने. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर ऐकू येते किती? भोपळा असतो म्हणून ती खोलीभर घुमते. मशीनखालची पातळ प्लायवूडची फळी तेच काम करते, फक्त बेसूर. फळी जितकी पातळ आणि आधार जितके लांब, तितकी ती जास्त वाजते. मशीन चालू असताना फळीवर पालथा हात दाबून बघा. आवाज उतरला तर चोर सापडला. सुताराकडून फळीला खालून एक-दोन आडव्या पट्ट्या मारून घ्या. घडीच्या टेबलावर तर शिवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या पायमशीनचं डोकं ज्या खाचेत बसतं, तिच्या कोपऱ्यांवर नमद्याचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावलेले असतात. वीस-पंचवीस वर्षांत ते झिजतात, गळून पडतात आणि लोखंड थेट लाकडावर येतं. नवे तुकडे कापून चिकटवायला दहा मिनिटं लागतात. मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रूही त्याच वेळी आवळून घ्या. आणि ड्रॉवर! आमच्या क्लासमधल्या एका मुलीने मशीन दोनदा दुरुस्तीला नेऊन आणली होती. खुळखुळ होती ड्रॉवरमधल्या रिकाम्या बॉबिनींची आणि कात्रीची. ड्रॉवरच्या तळाला जुन्या टॉवेलचा तुकडा घातला आणि काम संपलं.

शोधताना मोठा आवाज आधी धरायचा. सारख्याच जोराचे दोन आवाज असतील आणि त्यातला एक बंद केला, तर फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो. मोठा आवाज तसाच ठेवून बारीकसारीक चार आवाज मिटवले, तर काहीच जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, एवढं करूनही उपयोग नाही.

आता मॅट. मिनिटाला 900 टाके म्हणजे सेकंदाला 15 वेळा सुईचा दांडा वर-खाली होतो आणि प्रत्येक वेळी मशीनला हादरा बसतो. मशीनच्या वजनाने मॅट साधारण एक मिलिमीटर दबत असेल, तर त्या मॅटवरच्या मशीनची स्वतःची डुलण्याची गतीही सेकंदाला 15-16 इतकीच येते. दोन्ही गती जुळल्या, की हादरा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. मॅट घातल्यावर मशीन जास्त नाचायला लागली, असं कुणी सांगितलं तर हसू नका, ते खरं असू शकतं. सेकंदाला 15 हादरे खरोखर अडवायला मॅट अडीच मिलिमीटरच्या पुढे दबायला हवी. शिवण्याचा वेग कमी असेल, तर त्याहूनही जास्त. मग मशीन डोलते आणि शिवण वाकडी जाते. म्हणून साध्या रबराच्या मॅटकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. वरची करकर आणि घरघर ती चांगली अडवते, आणि कानाला त्रास होतो तो बराचसा त्याचाच. मूळ हादऱ्याला उपाय दोनच: वजन आणि वेग. जड टेबल कमी हलतं. आणि वेग निम्मा केला, तर हादऱ्याचा जोर एक चतुर्थांश होतो.

एम्ब्रॉयडरी मशीनवाल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. तिथे सुई तर हलतेच, शिवाय कापड धरलेली फ्रेम दर टाक्याला आडवी-उभी झटके घेते. म्हणजे हादरा बाजूलाही बसतो. मऊ फोमवर ती मशीन डुलते आणि नक्षी सरकण्याची भीती राहते. तिच्याखाली पातळ, टणक रबर बरं. आणि वेग 800 वरून 600 वर आणा. बारा हजार टाक्यांचं डिझाइन पंधरा मिनिटांऐवजी वीस मिनिटांत होईल, हादऱ्याचा जोर मात्र जवळजवळ निम्म्यावर येईल. रात्री पाच मिनिटांची ती घाई कशाला? पायमशीनवर रिंग लावून भरतकाम करणाऱ्यांनी कापड घट्ट ताणावं. ढिलं कापड सुईबरोबर वर उचललं जातं आणि परत प्लेटवर आपटतं.

काही जणी आता फॅक्टरीची जुकी पद्धतीची मशीन घरी घेतात. तिच्या टेबलाखाली क्लच मोटर असेल, तर ती मिनिटाला 2,800 च्या पुढे फेरे घेत सतत घुमत राहते. तुम्ही शिवा, नाही तर गिऱ्हाइकाशी बोलत बसा. तिच्या जागी सर्व्हो मोटर बसवा. ती पाय दाबला तरच फिरते. या सगळ्या बोलण्यात मी मोठा खर्च करा असं एकाच ठिकाणी म्हणते आहे, ते इथे. विजेच्या बिलातही फरक दिसेल.

खालच्या मजल्याचा प्रश्न उरला. स्लॅब मधोमध सगळ्यात जास्त हलतो, कडेला आणि खांबाजवळ कमी. तेव्हा मशीन खोलीच्या मध्यावर नको, कोपऱ्यात न्या. पण टेबल भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाही तर खालचा आवाज शेजारच्या घरात जाईल. स्टँडचे चारही पाय टेकलेत ना, बघा. एक पाय अधांतरी असेल, तर दर टाक्याला तो फरशीवर वाजतो. पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला. जुन्या टायरचे चालतात. आणि एकदा घरातल्या कुणाला तरी मशीन चालवायला बसवून तुम्ही स्वतः खाली जा. "आजी, जरा पाच मिनिटं बसू का?" म्हणून ऐका. वर कानाला जो आवाज त्रास देतो तो खाली येतच नाही आणि वर जिची दखलही घेतली नाही, ती धबधब खाली ऐकू येते.

हुकाचं टायमिंग, झिजलेला बुश, वाकलेला दांडा ही कामं मेकॅनिकची. तिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. मशीन दाखवताना नेहमीचा दोरा, तीच सुई आणि ज्या कापडावर आवाज येतो त्याचा तुकडा सोबत ठेवा. आणि जमलं तर मशीन दुकानात नेण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा. दुकानात ती गुपचूप चालते, तो म्हणतो, "ताई, हिला काही झालेलं नाही," आणि तो खरंच बोलत असतो. त्याचं टेबल जाड सागवानी असतं.