वर्गातले हसू



वैनगंगेच्या तीरावरील आपल्या भंडारा जिल्ह्यात, मुले घरून जी झाडीबोली घेऊन शाळेत येतात, तिच्यात 'ळ' हा वर्ण नाही. त्याच्या जागी 'र' येतो,
आणि डोळ्याचा होतो डोरा,
काळ्याचा होतो कारा.

आता एक प्रसंग कल्पनेत आणा.

कविता म्हणण्याची पाळी येते.
एक मुलगा उभा राहून म्हणतो, "गुरुजी, गरा दुखते."

नुकतीच दूरच्या मुलखातून बदली होऊन आलेले गुरुजी विचारतात, "गरा? फणसाचा का रे?"

मुलगा क्षणभर थबकतो. मग गळ्याला हात लावून म्हणतो, "हा फनसाचा दिसते का, गुरुजी?"

सारा वर्ग खदखदून हसतो,
आणि सर्वांत मोठ्याने हसतात ते गुरुजी!

श्रोतेहो, वर्गातला विनोद असा दुहेरी असावा.
मुलालाही उत्तर देण्याची मुभा असावी.

तेच गुरुजी केवळ त्याच्या उच्चाराला हसले असते, तर तो मुलगा पुन्हा उभा राहण्यास धजावला नसता. आणि ज्या बोलीच्या अभ्यासाला साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वाहिले, ज्या बोलीत दंडार हे आपले लोकनाट्य रात्रभर गाव हसवीत आले, ती बोली त्या बालकाला लाजिरवाणी वाटू लागली असती.

म्हणून पुन्हा सांगतो, विनोद दुहेरी असावा.

गुरुजनहो, उद्या हजेरी झाल्यावर एखादी वस्तू दाखवून मुलांना एवढेच विचारा:
"तुमच्या घरी याला काय म्हणतात?"