घरांतला उंदीर पाळतां येतो काय?

रात्रीं सांपळ्यांत अडकलेला लहानसा उंदीर सकाळीं दृष्टीस पडला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी त्याची वासलात लावण्याच्या विचारांत असतात, तों मुलें हळूच विचारतात, "हा पाळला तर?" प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. कुत्रा, मांजर, घोडा हे सारे मूळचे रानटीच. मग गणपतीच्या पायाशीं बसणाऱ्या या जिवानेंच काय पाप केलें आहे?

येथें विचार आहे तो पंधरावीस ग्रॅम वजनाच्या चिमुकल्या घरउंदराचा. मोठा उंदीर किंवा घूस यांचा नव्हे. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळांतलीसुद्धां नाहीं. ती किडे खाणारी, निराळ्याच वर्गांतली आहे.

इतिहास प्रथमदर्शनीं मुलांच्याच बाजूनें साक्ष देतो. जपानांत १७८७ सालीं नाना रंगांचे उंदीर कसे वाढवावे हें सांगणारें पुस्तकच निघालें. इंग्लंडांतील शौकिनांनीं १८९५ सालीं आपलें राष्ट्रीय मंडळ स्थापिलें. अमेरिकेंत ग्रॅन्बी या गांवीं ॲबी लेथ्रॉप ही निवृत्त शिक्षिका विसाव्या शतकाच्या आरंभीं शौकिनांसाठीं उंदीर पैदा करून विकूं लागली, आणि पुढें शास्त्रज्ञच तिचे ग्राहक झाले. प्रयोगशाळांतील काळ्या उंदरांच्या एका प्रसिद्ध वंशाचें मूळ तिच्याच पिंजऱ्यांत सांपडतें.

परंतु ते उंदीर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातांखालीं वाढलेले. सांपळ्यांतला उंदीर वरून येणारा हात पाहतो तो घुबडाच्या झडपेसारखा. तो उसळ्या मारतो, चावतो, कोपऱ्यांत दडून राहतो. आठवडे लोटले तरी त्याची धास्ती बहुधा जात नाहीं. अशा प्राण्याला पाळणें म्हणजे त्याला कैदेंत ठेवणें होय. डोळे न उघडलेलें पिलूं माणसाळण्याचा संभव अधिक, हें खरें. पण डोळे उघडावयास सुमारें दोन आठवडे लागतात, तोंपर्यंत अहोरात्र थोड्या थोड्या वेळानें थेंब थेंब दूध पाजावें लागतें, आणि इतकें करूनहि पुष्कळ पिलें दगावतात.

स्वित्झर्लंडांत झुरिकजवळच्या एका कोठारांत २००२ सालीं रानटी असे बारा घरउंदीर सोडले होते. त्यांना दाणापाणी मिळे, येण्याजाण्यास वाट मोकळी असे. माणसाळविण्याचा उद्योग कोणी केला नाहीं. तरी माणसांची ये-जा असल्यानें २०१० ते २०१६ या काळांत पांढरे ठिपके असलेल्यांचें प्रमाण वाढलें व डोकीं किंचित्‌ आंखूड झालीं. भित्रे निघून गेले असावेत, धीट राहिले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. बदल झाला तो वंशांत; एकट्या उंदराच्या आयुष्यांत तो घडत नाहीं.

दुसरी अडचण अधिक गंभीर. उंदीर वावरतो तेथें मूत्राचे थेंब टाकीत जातो. ती त्याची हद्दीची खूण. वरून धडधाकट दिसणाऱ्या उंदराच्या मूत्रांतून वा विष्ठेंतून माणसाला ताप व आमांशयाचे विकार जडूं शकतात. त्यांतील एक विषाणु तर गर्भवतीच्या पोटांतील बालकाच्या मेंदूस व डोळ्यांस इजा करूं शकतो. ज्या घरांत अशी स्त्री आहे तेथें हा हट्ट मुळींच पुरवूं नये. शिवाय पकडलेली मादी गाभण असली तर तीन आठवड्यांच्या आंत पांचसहा पिलें होतात, आणि दोन महिन्यांच्या आंतबाहेर तींहि वीण सुरू करतात! शिसपेन्सिलीएवढ्या फटींतून तीं निसटतात, हें निराळेंच.

मुलाला उंदीरच हवा असेल तर पाळीव वंशांतले पांढरे उंदीर आणावे. जात तीच आहे. दोन माद्या एकत्र ठेवाव्या, कारण एकटेपण त्यांना मानवत नाहीं व नर एकमेकांशीं भांडतात. बारीक जाळीचा धातूचा पिंजरा, कागदाचे कपटे, आणि जन्मभर वाढणारे दांत झिजविण्यास लांकडाचा तुकडा एवढी सामग्री पुरते. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचें, हें मुलाला आधींच सांगून ठेवावें.

सांपळ्यांतला उंदीर मुलांनीं जाळीबाहेरून घटकाभर पाहावा. मिशा कशा थरथरतात, पुढच्या पायांनीं तोंड कसें पुसतो, हें पाहण्यासारखें असतें. मग सांपळा वडिलांनीं उचलावा, हात साबणानें धुवावे, धान्य झांकणाच्या डब्यांत भरावें, आणि मोरीजवळचें भोंक त्याच दिवशीं सिमेंटनें बुजवावें.